आत कोण, बाहेर कोण? पेशीच्या दारातल्या चौदा चटपटीत गोष्टी

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. मेंदूच्या, हाडांच्या, त्वचेच्या, रक्ताच्या. प्रत्येकीचं काम निराळं, पण एक काम सगळ्यांना सारखंच लागू: कुणाला आत घ्यायचं, कुणाला अडवायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, हे क्षणोक्षणी ठरवणं. हे काम पेशीपटल करतं. शाळेच्या पुस्तकात त्याची ओळख दोन-तीन ओळींत उरकते. पण कोशिंबिरीला सुटणारं पाणी, मिरचीचा जाळ, दाताच्या डॉक्टरांचं इंजेक्शन आणि जुलाबाने गळून गेलेल्या बाळाला वाचवणारं साखर-मिठाचं पाणी, या सगळ्यांची गोष्ट याच पटलावर घडते. पेशी जिवंत आहे ती या निवडीच्या जोरावर. निवड थांबली की पेशी संपली.

१. कागदाच्या जाडीत चौदा हजार

पेशीपटलाची जाडी साधारण ७ नॅनोमीटर. वहीचं पान सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतं. तेवढ्या जाडीत चौदा हजार पेशीपटलं एकावर एक बसतील! शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून ती जाडी दिसणं शक्यच नाही. रॉबर्ट हूकच्या १६६५ सालच्या पुस्तकात बुचाच्या कापातल्या पेशींचं चित्र आहे, पण त्या होत्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. पटल प्रत्यक्ष पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

२. दोन चुका, एक बरोबर उत्तर

पटल दिसत नव्हतं, तरी ते दोन थरांचं आहे हे १९२५ सालीच कळलं होतं. नेदरलँड्समधल्या लायडन इथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद काढून पाण्यावर पसरवला. तो एका रेणूच्या जाडीचा तवंग होऊन पसरला. त्याचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरलं. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन थर हवेत!

गंमत पुढेच आहे. त्यांना सगळा मेद काढता आला नव्हता, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. या दोन चुकांनी एकमेकींना छेद दिला आणि निष्कर्ष अचूक निघाला. मेदाच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं आणि शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून दोन थरांच्या शेपट्या आत, एकमेकींसमोर लपतात आणि डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे राहतात. ही रचना कुणी बांधावी लागत नाही, ती आपोआप जमते.

३. चाळीस मिनिटांत उंदीर-माणूस एकत्र

पटल कडक नसतं, ते तेलासारखं वाहतं. त्यातला एकेक मेदरेणू शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागा बदलतो. १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी जोडून एक केली. दोघींच्या पटलावरच्या प्रथिनांना वेगवेगळ्या रंगांच्या चमकत्या खुणा लावल्या होत्या. सुरुवातीला अर्धा गोळा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. शरीराच्या तापमानाला चाळीसेक मिनिटांत दोन्ही रंग पूर्ण मिसळले. थंडीत ठेवलेल्या पेशींत मात्र हे मिसळणं थांबलं. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, सिंगर आणि निकोल्सन यांनी वाहत्या मेदात तरंगणाऱ्या प्रथिनांचं चित्र मांडलं. आजची पाठ्यपुस्तकं त्याच चित्रावर उभी आहेत.

४. ऑक्सिजनला दार लागत नाही

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड हे लहान रेणू मेदाच्या थरातून थेट आरपार जातात. मद्यातला अल्कोहोलही तसाच शिरतो, म्हणूनच तो पोटातून मेंदूपर्यंत इतक्या झपाट्याने पोचतो. ग्लुकोजला मात्र स्वतंत्र दार लागतं. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युतभारित आयनांना तर दाराशिवाय प्रवेशच नाही. ही दारं म्हणजे पटलात रोवलेली प्रथिनं.

५. पेशी इतकी लहान का?

जास्तीकडून कमीकडे पसरत जाणं म्हणजे विसरण. ते फुकट होतं, पण लांब पल्ल्याला निकामी ठरतं. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. ऑक्सिजनच्या रेणूला पाण्यातून मिलिमीटरचा शंभरावा भाग जायला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग पुरतो. एक सेंटिमीटर जायला सुमारे सात तास, आणि एक मीटरला जवळपास आठ वर्षं! म्हणून पेशी बारीक राहते, आणि म्हणूनच मोठ्या देहाला हृदय, रक्त आणि केशवाहिन्यांचं जाळं लागतं.

६. कोशिंबिरीतलं मीठ शेवटी का?

काकडी चोचवली, मीठ घातलं आणि पंगत लांबली, की वाटीत पाणीच पाणी. बाहेर मीठ जास्त झालं की पेशीतलं पाणी पटल ओलांडून बाहेर येतं. हेच परासरण. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर सुटणारा खार, रात्री भिजवलेल्या मनुका सकाळी टम्म फुगणं, ही सगळी त्याचीच कामं. मिठातली सुकी मासळी आणि साखरेच्या पाकातला मुरांबा टिकतो तोही याचमुळे. त्यावर जंतू पडलाच, तर त्याच्याच पेशीतलं पाणी ओढलं जातं आणि त्याला वाढताच येत नाही.

दवाखान्यातलं सलाईनही हाच हिशोब पाळतं. एका लिटरला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ०.९ टक्के. एवढ्या खारट पाण्यात तांबडी रक्तपेशी निवांत राहते. नुसत्या पाण्यात ती फुगून फुटते, आणि फार खारट पाण्यात आक्रसून जाते.

७. बेडकाचं अंडं फुटलं आणि नोबेल मिळालं

पाणी मेदातून थोडंफार झिरपतं, पण मूत्रपिंडातलं पाणी ज्या वेगाने ये-जा करतं, त्याचा उलगडा झिरपण्याने होत नव्हता. बाल्टिमोरमध्ये पीटर एग्री रक्तगटाच्या आरएच घटकावर काम करत होते. त्यांच्या नमुन्यात एक अनोळखी प्रथिन सारखं पुढे येत होतं. ते तांबड्या पेशींत भरपूर आणि मूत्रपिंडातही भरपूर. हीच पाण्याची वाट असेल का? त्यांनी आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशींना हे प्रथिन बनवायला लावलं आणि त्या साध्या पाण्यात सोडल्या. बेडकाची अंडपेशी गोड्या पाण्यात आरामात राहते. या मात्र काही मिनिटांत फुगल्या आणि फुटल्या. पाण्याचं दार सापडलं होतं! १९९२ मध्ये हा शोध जगापुढे आला आणि २००३ मध्ये एग्री यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या दाराचं नाव ॲक्वापोरिन. एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात, तेही एकामागोमाग एका रांगेत. आपली मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी शरीराला परत मिळवून देण्यात या दारांचा मोठा वाटा आहे.

८. मोठ्याला वाट, लहानाला मज्जाव

पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा आकाराने मोठा. तरीही पोटॅशियमच्या दारातून पोटॅशियम सेकंदाला दहा कोटींच्या घरात जातो आणि लहान सोडियम अडतो. दहा हजारांमागे जेमतेम एखादा सोडियम निसटतो. हे कसं, याचं उत्तर रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूच्या प्रथिनाची रचना उलगडून दिलं. प्रत्येक आयन आपल्याभोवती पाण्याचे रेणू घेऊन फिरतो. दाराच्या अरुंद भागात ते सोडावे लागतात. तिथले ऑक्सिजन अणू नेमके अशा अंतरावर आहेत, की पोटॅशियमला पाण्याची उणीव भासत नाही. सोडियम लहान, त्यामुळे तो त्यांच्यापर्यंत पोचतच नाही आणि आपलं पाणी सोडायला राजी होत नाही. एग्री यांच्याबरोबर २००३ चं नोबेल वाटून घेतलं ते याच मॅकिनन यांनी.

९. तीन बाहेर, दोन आत, अखंड

काही वाहतूक उताराच्या उलट दिशेने करावी लागते, आणि तिला ऊर्जा मोजावी लागते. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करून १९५७ मध्ये असा पंप शोधला. ऊर्जेचा एक रेणू, म्हणजे एक एटीपी, खर्च करून तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. नोबेल मिळालं ते तब्बल चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये. आपण गाढ झोपलेलो असतानाही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा या पंपावर खर्च होत असतो.

या पंपाचा संबंध आपल्या अंगणाशीही आहे. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, यांचं विष हाच पंप बंद पाडतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, तेव्हा लहान मुलांना त्याची पानं-फळं तोंडात घालू देऊ नका. आणि याच जातीचं द्रव्य नेमक्या मात्रेत औषधही ठरतं. इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीच्या उपचाराचा तपशील छापला. तिच्या कुळातलं डिगॉक्सिन आजही हृदयरुग्णांना दिलं जातं.

१०. वीज आपल्या आत

पंप आणि दारं मिळून पेशीच्या आत-बाहेर विजेचा फरक ठेवतात. चेतापेशीत तो साधारण ७० मिलिव्होल्ट असतो, म्हणजे टॉर्चच्या सेलचा विसावा भागसुद्धा नाही. पण हा फरक अवघ्या ७ नॅनोमीटरवर आहे. मीटरच्या हिशोबात तो एक कोटी व्होल्ट भरतो! हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट पुरतात.

हे गणित उलगडलं ते माकुळाने. या समुद्री प्राण्याचा एक चेतातंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो. हॉजकिन आणि हक्सली यांनी त्यात इलेक्ट्रोड घालून मोजमाप केलं आणि १९६३ चं नोबेल मिळवलं. सोडियमची दारं उघडतात तेव्हा संदेश धावतो. दात काढण्याआधी दिलेलं लिग्नोकेनचं इंजेक्शन हीच दारं बंद करतं. दुखापत होते, पण तिची खबर मेंदूला पोचत नाही.

११. मिरचीचा जाळ आणि पुदिन्याचा गारवा

लवंगी मिरचीच्या ठेच्याने तोंड खरंच भाजत नाही. ४३ अंश सेल्सिअसच्या पुढची उष्णता जाणवली की उघडणारं एक दार चेतापेशींत असतं. मिरचीतलं कॅप्सायसिन तेच दार थंड असताना उघडतं, आणि मेंदूला आगीची वर्दी मिळते. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी हे दार शोधलं. २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळालं. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याचं दार उघडतं.

पक्ष्यांच्या दाराला कॅप्सायसिन लागूच पडत नाही, म्हणून पोपट मिरची मजेत खातो, आणि मिरची खाणारे पक्षी तिच्या बिया दूरवर पसरवतात. आणि हो, ठसका लागला तर पाण्याऐवजी दूध किंवा दही घ्या. कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं.

१२. लाजाळू आणि तिवर

लाजाळूला हात लावला की पानं मिटतात. स्नायू नसताना हे कसं? पानांच्या देठाशी फुगीर सांधे असतात. स्पर्श होताच तिथल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, पाठोपाठ पाणीही, आणि सांधा ढिला पडतो. जगदीशचंद्र बोस यांनी याच झाडावर विजेचे संदेश मोजले होते.

आपल्या खाड्यांमधली खारफुटी तर त्याहून बहाद्दर. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. कांदळ त्यातलं बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो. तिवर ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. उन्हाच्या वेळी तिवराच्या पानावर मिठाचे कण चमकतात, जिभेला खारट लागतात. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. खारट चिखलात उभं राहण्याच्या या ताकदीत पेशीपटलाचा मोठा वाटा आहे.

१३. ॲसिडिटीची गोळी रिकाम्या पोटी का?

जठरातल्या पेशी आम्ल इतकं जोराने बाहेर ढकलतात, की बाहेरची आम्लता आतल्यापेक्षा सुमारे दहा लाख पट होते. ते काम करणारा पंप सोडियमच्या पंपाचाच भाऊबंद आहे. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या त्यालाच कुलूप लावतात. पण कुलूप लागतं ते चालू पंपाला, आणि पंप जोरात सुरू होतात जेवणाच्या वेळी. म्हणून डॉक्टर नाश्त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्यायला सांगतात. औषध वेळेवर हजर असलं तरच त्याचा उपयोग.

१४. साखर सोडियमचं बोट धरून येते

आता सगळ्यांत मोठी गोष्ट.

आतड्याच्या पेशींत एक जोडदार आहे. त्यातून ग्लुकोज एकटं येत नाही, सोडियमबरोबर येतं. एका ग्लुकोजमागे दोन सोडियम. नवव्या गोष्टीतला पंप पेशीतलं सोडियम सतत बाहेर टाकत असतो, म्हणून आत सोडियमची कमतरता असते. त्या ओढीने सोडियम आत येतं आणि ग्लुकोजला सोबत आणतं. दोघं आत आली की परासरणाने पाणीही येतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्राग इथे ही कल्पना मांडली.

त्याच्या एक वर्ष आधी, १९५९ मध्ये, कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी पटकीचा जंतू विष सोडतो हे सिद्ध केलं होतं. त्या विषाने आतड्याच्या पेशींतली क्लोराइडची दारं उघडीच राहतात. क्लोराइडमागे सोडियम, सोडियममागे पाणी, असा शरीरातला ओलावा तासन् तास वाहून जातो. पण साखर-सोडियमचं जोडदार या विषाने बिघडत नाही! पटकीच्या रोग्यातही ते शाबूत असतं. रोग्याला वाचवण्याची वाट तिथूनच होती.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, रोगी जमिनीवर पडलेले. डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पाजायला सुरुवात केली. पाजणारे होते रोग्यांचे नातलगच. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे हा आकडा चाराच्या आत आला. १९७८ मध्ये ‘द लॅन्सेट’ने साखर आणि सोडियम एकत्र शोषले जातात हा शोध शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती ठरू शकेल, असं म्हटलं. महालनबिस २०२२ मध्ये गेले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीत, म्हणजे ओआरएसमध्ये, सोडियम आणि ग्लुकोज यांचं प्रमाण समसमान असतं, लिटरला ७५-७५ मिलिमोल. या प्रमाणात आतड्यातलं शोषण चांगलं होतं. म्हणूनच जुलाबात गोड शीतपेयं पाजू नयेत. त्यांत साखर फार आणि सोडियम नगण्य असतं, आणि जास्तीची साखर परासरणाने उलट आतड्यातच पाणी ओढते.

तेव्हा वाचकहो, एवढं कराच. घरात ओआरएसची दोन-चार पाकिटं ठेवा आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती कालवा. पाकीट नसेल, तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घाला. याहून जास्त मीठ घालू नका. घोट-घोट पाजत राहा, तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि बाळ मलूल झालं, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त पडलं, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.